ज्येष्ठांसाठीच्या सेवा बदलल्या का? तुमचे अनुभव लिहा

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात पूर्वी सहल, कोजागरी आणि वाढदिवस एवढ्यावर भागायचं. आता निम्मे सभासद ऐंशीच्या पुढचे. जिना चढवत नाही म्हणून येत नाहीत, वर्गणी मात्र पाठवतात. मला याचं फार वाईट वाटतं. तुमच्याकडे काय बदललं? जमलेलं, फसलेलं, दोन्ही लिहा.

ठाणे : सभा पहिल्या मजल्यावरून सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणली. सहाऐवजी चारला सुरू करतो, कारण अंधारात परतायची अनेकांना भीती वाटते. जुने चेहरे परत दिसू लागले.

नाशिक : आईच्या बोटांचे ठसे झिजलेत, मशीन ते घेतच नसे. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्याची धास्ती. आता मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला निघतो. पोस्टमनही घरी येऊन काढून देतात, हे शेजारच्या काकूंना ठाऊकच नव्हतं. संघांनी ऑक्टोबरमध्येच घरोघरी सांगायला हवं.

सातारा जिल्हा : ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे. दादा त्यामुळे स्वतःहून डोळे तपासायला तालुक्याला जायला लागले, नाहीतर "कशाला खर्च" म्हणून टाळायचे. पण गाडीची पायरी गुडघ्याला येते. कंडक्टरने हात दिला तर ठीक, नाहीतर मागचे लोक ढकलतात. स्टँडवर एक ठोकळा ठेवला तरी पुष्कळ होईल.

पुणे : सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. विरंगुळा केंद्रात त्या उठून कुठेही चालू लागायच्या, म्हणून "यांना आणू नका" असं सांगितलं. मी रडले होते. पुढे भजनी मंडळातल्या दोघी आपणहून म्हणाल्या, आम्हीच घरी येतो. मंगळवारी दुपारी त्या अभंग म्हणतात. सासूबाईंना माझं नाव आठवत नाही, पण अभंगाची पुढची ओळ बरोबर येते. तेवढ्या वेळात मी बँक, औषधं, कधी नुसती झोप उरकते. सांभाळणाऱ्याला सुट्टी ही सेवाच आहे, पण तिचा विचार कुणी करत नाही.

डोंबिवली : आमच्या डबेवाल्या ताई मऊ भात, कमी मीठ वेगळं करून देतात. डबा दारात ठेवून जात नाहीत, आतून आवाज येईपर्यंत थांबतात.

धागाकर्ती : पुणेकर ताई, त्या दोघींना घरी यायचं कसं सुचलं?

पुणे : मी दोन भजनांना गेले नाही, म्हणून विचारायला आल्या होत्या. बाकी कुणाला मदत हवी असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन लिहून ठेवा, फोन मोफत आहे.