मदत हवी आहे: खाण्यावरून भांडणारी फॉस्टर कुत्री

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात वारज्याला राहतो. घरात आधीची दोन देशी कुत्री आहेत, मोत्या आणि चिंगी. महिन्यापूर्वी अंदाजे आठ महिन्यांची तांबू फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला आली. पार्वोच्या (कुत्र्यांमधल्या एका संसर्गजन्य आजाराच्या) भीतीने पहिले १४ दिवस तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. लस, जंताचं औषध झालंय. ओळखही बाहेर मोकळ्या मैदानात, तिघांना पट्ट्यावर समांतर चालवत करून दिली. फिरताना तिघं एकदम छान असतात.

अडचण खाण्याची आहे. वाट्या वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून देतो. पण काल पलंगाखाली पोळीचा वाळका तुकडा राहिला होता. चिंगी नुसती जवळून गेली, तर तांबू आधी ताठ झाली, डोळ्यांचं पांढरं दिसलं आणि पुढच्या क्षणी चिंगीचा कान फाटला. रस्त्यावर उपाशी राहिलेलं पोर आहे, तिला ओरडावंसं वाटत नाही. गुरगुरण्यावर रागावलं तर ती इशारा न देता चावायला शिकेल, हेही कळतं.

उकडलेल्या चिकनच्या बदल्यात वस्तू सोडायला शिकवतेय. माझ्याशी जमतं, पण दुसरं कुत्रं समोर असताना कसं शिकवायचं? कोणी केलंय का? मारझोड न करणारे ट्रेनर माहीत असतील तर कृपया सांगा. आणि दत्तक देताना एकटंच कुत्रं असलेलं घर बघावं का?