गॉब्लिनचे पाच गुण, नाण्याचा एक: नियमच खेळाला वळण लावतात का?

चर्चाप्रस्ताव
टेबलाभोवती बसून, एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या रोलप्लेइंग खेळांविषयी ‘नियम कोणतेही घ्या, खेळ शेवटी माणसांवर ठरतो’ असे सर्रास म्हटले जाते. मला हे मान्य नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या १९८१ च्या बेसिक संचात एका गॉब्लिनला (छोट्या राक्षसाला) हरवल्याबद्दल पात्राची ताकद वाढवणारे अनुभवाचे ५ गुण मिळतात, तर भुयारातून बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागे १ गुण मिळतो, म्हणजे शंभर नाण्यांची एक पेटी वीस गॉब्लिनांच्या तोलाची ठरते. जादूगाराचे हिट पॉइंट (किती मार सोसता येईल तो आकडा) तर सुरुवातीला चार बाजूंच्या एकाच फाशावर ठरतात. अशा वेळी तलवार उपसण्यापेक्षा पहारेकऱ्याला लाच देणे किंवा मागच्या वाटेने शिरणे हेच शहाणपणाचे ठरते. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत नाण्यांचे गुण गेले, आणि आमच्याच गटातले सावध खेळाडू दार दिसले की लाथ मारू लागले.

प्रतिसाद १
असहमत. तिसऱ्या आवृत्तीतही गुण मिळवून देणारी मात म्हणजे ठार मारणेच नव्हे. पहाऱ्यावरच्या राक्षसाला चाहूल न लागू देता पुढे गेलात, तरी गुण देता येतात. तुमच्या गटाला मारामारी हवी होती, म्हणून त्याने नियम तसा वाचला. त्याच आवृत्तीत आमच्या एका खेळाडूने नदी ओलांडण्यासाठी नावाड्याशी तासभर घासाघीस केली, अखेर आईची अंगठी त्याच्या हातावर ठेवली, आणि त्या तासात कोणी फाशाला हातही लावला नाही. तो तास गेममास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, संयमामुळे मिळाला. कोणत्याही तक्त्यात तो नव्हता.

प्रतिसाद २
अंगठीचा प्रसंग सुंदर आहे, पण तो नियम गप्प होते तिथे घडला. नियम बोलतात तिथे काय होते, हे ‘कॉल ऑफ कथुलू’ या भयकथेच्या रोलप्लेइंग खेळात पाहावे. त्यात निषिद्ध ज्ञान जितके वाढते, तितकी मानसिक संतुलनाची कमाल मर्यादा कायमची खाली येते. त्यामुळे जुने पुस्तक हाती आले की आमच्या टेबलावर ‘ते तू वाच’, ‘नको, तू वाच’ असे सुरू होते. ही भीती गेममास्टरच्या आवाजातून आलेली नाही. ती कागदावरच्या आकड्यातून आली आहे.

प्रतिसाद १
आकड्याचे वजन मान्य करतो. मात्र तो आकडा खोडून ‘घाबरायचे काय त्यात’ म्हणणारे टेबलही मी पाहिले आहे, आणि तिथे तेच पुस्तक सगळ्यांनी हसत-हसत मोठ्याने वाचले.

चर्चाप्रस्तावक
पण आकडा खोडला, म्हणजे नियमच बदलला. भीती त्याच्याबरोबर गेली, हे तर तुम्हीच सांगत आहात.