नागपूर उलटे केले की 'रूपगान' का होते?

धरमपेठची शिक्षिका

नमस्कार. मी नागपुरात आठवी-नववीच्या मुलांना सुटीच्या दिवसांत पायथॉन ही संगणकाची भाषा शिकवते. शब्द उलटा करून दाखवणे हा पहिल्या आठवड्यातला ठरलेला स्वाध्याय आहे. इंग्रजी शब्दांवर तो फार लवकर संपतो, म्हणून या वेळी मी मुलांना आपल्या शहरातील नावे देवनागरीत घ्यायला सांगितली. चौकटी कंसात दोन अपूर्णविराम आणि उणे एक लिहिले की शब्द उलटतो, हे त्यांना ठाऊक होते. 'नागपूर' दिल्यावर पडद्यावर 'रूपगान' उमटले आणि सगळा वर्ग आनंदला, कारण तो एखाद्या कवितेतला खरा शब्द वाटतो. 'महाल'चे 'लाहम' झाले, तेही कोणाला खटकले नाही.

मात्र एका मुलीने शब्दकोड्यासारखे चौकोन आखून वहीत 'रपूगना' असे उत्तर काढले होते, आणि 'प'चा दीर्घ उकार 'र'ला कसा गेला असे तिने विचारले. तेवढ्यात दुसऱ्या मुलाने 'सीताबर्डी' दिले. त्याच्या उत्तराच्या आरंभी ठिपक्यांचे एक वर्तुळ आले, त्याला दीर्घ वेलांटी चिकटलेली होती आणि पुढे 'ड्रबातीस' असे काहीतरी होते. 'नागपूर'ची लांबी संगणक 6 सांगतो, त्या मुलीच्या वहीत चौकोन 4 आहेत. मला याचे ढोबळ कारण माहीत आहे, पण ते मुलांना नेमकेपणाने कसे समजावावे आणि योग्य उत्तर देणारा प्रोग्राम त्यांच्याकडूनच कसा लिहून घ्यावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रफार

आपल्या विद्यार्थिनीचे उत्तर बरोबर आहे, आणि तिचा प्रश्न या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे. युनिकोड म्हणजे लिपीतील चिन्हांना संगणकासाठी क्रमांक देणारे प्रमाणक; त्यात क्रमांक मिळतो तो अक्षराला नव्हे, चिन्हाला. 'नागपूर' साठवताना न, काना, ग, प, दीर्घ उकार, र अशी सहा चिन्हे एकामागून एक ठेवली जातात, आणि पायथॉन ती सहा चिन्हे मोजतो. उलट क्रमाने मांडल्यास र, दीर्घ उकार, प, ग, काना, न असा क्रम येतो. स्वरचिन्ह नेहमी आपल्या आधीच्या व्यंजनाला लागते, म्हणून 'प'वरचा उकार 'र'ला मिळाला आणि 'ना'चा काना 'ग'ला मिळाला. 'पूर' या तुकड्याचे 'रूप' असेच होणार, त्यामुळे ज्या गावांच्या नावाच्या शेवटी पूर आहे त्या सर्वांच्या उत्तराची सुरुवात अर्थपूर्ण वाटते आणि चूक सहज लपून राहू शकते.

'नागपूर' आणि 'महाल' या दोन्ही शब्दांच्या शेवटी मोकळे व्यंजन आहे, म्हणून त्यांनी आपल्याला फसवले. 'सीताबर्डी'च्या शेवटी वेलांटी आहे, ती उलटल्यावर सर्वांत पुढे आली आणि तिला टेकायला व्यंजनच उरले नाही. असे निराधार चिन्ह दिसले की फॉन्ट त्याच्यासाठी ठिपक्यांचे वर्तुळ काढतो. चाचणीसाठी 'चंद्रपूर' हा शब्द मी आवर्जून सुचवतो, कारण त्यात वर्तुळ येत नाही आणि तरीही सगळे बिघडते: उत्तर 'रूपर्दंच' येते, म्हणजे 'द्र'मधला रकार रफार होऊन 'द'च्या डोक्यावर चढतो आणि 'च'वरचा अनुस्वारही 'द'कडे जातो. 'विदर्भ' दिल्यास याच्या नेमके उलट होते, रफाराचा रकार होऊन 'भ्रदिव' मिळते.

प्रोग्रामसाठी तयार साधने आहेत, पण मुलांनी आधी स्वतः नियम लिहावा असे मला वाटते. पायथॉनच्या युनिकोडडेटा या मॉड्यूलमधून प्रत्येक चिन्हाचा वर्ग विचारता येतो. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग, नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) आणि पाय मोडण्याचे चिन्ह या सर्वांच्या वर्गाचे नाव एम या अक्षराने सुरू होते. शब्दातून एकेक चिन्ह उचलावे. वर्ग एमचा असेल तर ते मागच्या गटाला जोडावे. मागचा गट पाय मोडण्याच्या चिन्हाने संपत असेल आणि आताचे चिन्ह व्यंजन असेल तर तेही त्याच गटात घ्यावे. अन्यथा नवा गट सुरू करावा. शेवटी चिन्हांऐवजी गट उलटवले की 'रपूगना' आणि 'रपूद्रचं' ही योग्य उत्तरे मिळतात.

जुना अक्षरजुळारी

मी सीताबर्डीला अनेक वर्षे अक्षरजुळणी केली आहे, म्हणून या चिन्हांच्या क्रमाविषयी थोडे सांगावेसे वाटते, कारण मुले हमखास विचारतील की 'वि' लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते, मग ती 'व'नंतर का साठवतात. टंकलेखन यंत्रावर आम्ही ऱ्हस्व वेलांटी आधी उमटवत असू आणि रफार अक्षरानंतर, म्हणजे डोळ्यांना दिसणारा क्रम हाच आमचा क्रम होता. संगणकावर आलेल्या सुरुवातीच्या मराठी फॉन्टांनीही तोच मार्ग घेतला. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत, आणि फॉन्ट बदलला की मजकूर वाचण्यापलीकडे जात असे. त्या काळातील फाइली आजही अनेक छापखान्यांत पडून आहेत आणि त्यांतला एकही शब्द सरळ शोधता येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इस्की या भारतीय प्रमाणकाने उच्चाराचा क्रम धरला, म्हणजे आधी व्यंजन आणि मग स्वरचिन्ह. युनिकोडची देवनागरीची मांडणी इस्कीच्या 1988 च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. त्यामुळे साठवण उच्चाराप्रमाणे होते आणि वेलांटी डावीकडे नेणे किंवा रफार वर चढवणे हे काम पडद्यावर दाखवताना होते. मुलांना 'विदर्भ' टाइप करून मागे पुसण्याची कळ एकदा दाबायला सांगावे. बहुतेक ठिकाणी फक्त 'भ' जातो आणि पाय मोडलेला 'र्' उघडा पडतो. साठवण कशी आहे हे त्यांना एका क्षणात दिसेल.

महालचा वाचक

लांबी मोजण्याबाबत एक भर घालतो. 'नागपूर' या एकाच शब्दाची लांबी स्विफ्ट 4 सांगते, पायथॉन आणि जावास्क्रिप्ट 6 सांगतात आणि गो 18 सांगते, कारण यूटीएफ-8 या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, फक्त प्रत्येक भाषा वेगळी गोष्ट मोजते. मोबाइलच्या साध्या संदेशात इंग्रजीची 160 अक्षरे मावतात आणि मराठीची 70 चिन्हे मावतात, आणि त्या 70 मध्ये प्रत्येक काना-मात्रा स्वतंत्र मोजली जाते. शाळेची सूचना पाठवताना दोन संदेशांचे पैसे का लागतात याचे कारण हेच आहे.

तयार साधने वापरताना त्यांची आवृत्ती पाहावी. जोडाक्षर एकत्र ठेवण्याचा नियम युनिकोडच्या 15.1 या आवृत्तीत, म्हणजे 2023 मध्ये आला. त्याआधीच्या नियमाप्रमाणे पाय मोडल्यावर तुकडा संपत असे, म्हणून जुने साधन 'विदर्भ'चे चार तुकडे करते आणि नवे साधन तीन. शब्दकोडे सोडवणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाने त्याचे तीनच चौकोन केले असते.

सभासद-यादी

हा प्रश्न वर्गापुरता राहत नाही, म्हणून माझा अनुभव लिहिते. आमच्या वाचनालयाच्या यादीत 'ॲड.' असे लिहून वकील सभासदांची नावे शोधली की काही नावे सापडत आणि काही, डोळ्यांसमोर असूनही, सापडत नसत. पुष्कळ दिवसांनी कारण कळले. 'ॲ' हे एकच चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये 2008 साली आले. त्याआधी, आणि अनेक कळफलकांवर आजही, लोक 'अ' लिहून त्यावर अर्धचंद्र देतात. दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने एक चिन्ह वेगळे आणि दोन चिन्हे वेगळी. एकच मजकूर वेगवेगळ्या चिन्हांनी लिहिला असेल तर त्याला एकाच रूपात आणण्याची युनिकोडची पद्धत, म्हणजे सामान्यीकरण, हीदेखील त्यांना एक मानत नाही, त्यामुळे आम्हाला स्वतः बदलाचा नियम लिहावा लागला.

'कऱ्हाडे' या आडनावाचेही तसेच झाले. त्यातला अर्धा 'ऱ' कोणी थेट लिहितो, कोणी 'र'खाली नुक्ता देऊन आणि कोणी 'र'चा पाय मोडून पुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकून. सामान्यीकरणाने पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा तसाच राहतो. रफार यांनी दिलेल्या नियमातही हे जोडचिन्ह अडेल, कारण त्याचा वर्ग एमने सुरू होत नाही. ते मागच्या गटाला जोडण्याची वेगळी तरतूद करावी, आणि गट त्या चिन्हाने संपत असला तरी पुढचे व्यंजन गटातच घ्यावे.

धरमपेठची शिक्षिका

सर्वांची मनापासून आभारी आहे. आज वर्गात गटांचा नियम मुलांनीच लिहिला. पहिल्या प्रयत्नात 'चंद्रपूर'चे पाच गट झाले, कारण पाय मोडल्यानंतरचे व्यंजन जोडायचे राहून गेले होते. ते दुरुस्त केल्यावर चार गट आले आणि 'रपूद्रचं' मिळाले. चौकोन आखणाऱ्या मुलीने 'र'खाली नुक्ता देऊन 'कऱ्हाडे' टाइप केले. गट बरोबर तीन पडले, पण तिने चिन्हे मोजली तेव्हा ती 8 निघाली, आणि शेजारच्या मुलाने थेट 'ऱ' लिहिलेल्या त्याच आडनावाची 7. दोघांनी आपापले शब्द बरोबरीच्या चिन्हाने ताडून पाहिले तेव्हा पायथॉनने ते वेगळे असल्याचे सांगितले. सामान्यीकरण करून पुन्हा ताडल्यावर दोन्ही शब्द सारखे ठरले. आता 'ॲ' आणि 'अॅ' एक करणारा नियम लिहिण्याचे काम तिने घरी नेले आहे.