‘टेलीमॅच’ जर्मन होतं हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं?

पाटीपेन्सिल

परवा घरी कॅटान या पटावरच्या खेळाचा डाव मांडला होता. भाचा, त्याचे दोन कॉलेजमित्र आणि मी. सात पडला, चोर उठून माझ्या गव्हाच्या शेतावर येऊन बसला आणि भाच्याने माझ्या हातातलं एक पान ओढून नेलं. मग तासभर “दोन मेंढ्या देतो, एक वीट दे” अशी घासाघीस. डाव आवरताना सहज विचारलं, हा खेळ कुठला रे? एक म्हणाला अमेरिकन, दुसरा म्हणाला जपानी असेल.

कॅटान जर्मन आहे. डार्मश्टाटजवळ दंततंत्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या क्लाउस टॉयबर यांनी तो रचला. १९९५ मध्ये बाजारात आला, चाळीसहून जास्त भाषांत गेला, चार कोटींच्या वर खोकी खपली. टॉयबर २०२३ मध्ये वारले.

त्यावरून ‘टेलीमॅच’ आठवलं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागायचं. भलेमोठे पोशाख चढवलेली माणसं बुळबुळीत फळ्यांवरून पाणी न्यायची, धपाधप पडायची, आणि वरून इंग्रजी समालोचन. आमच्या वाड्यात टीव्ही एकाच घरात होता, त्या घरात पाय ठेवायला जागा उरत नसे. कार्यक्रम संपला की आम्ही पोरं मागच्या फरशीवर साबणाचं पाणी ओतून तोच खेळ खेळायचो. ते सगळे सामने पश्चिम जर्मनीतल्या गावागावांमधले होते. आपल्यापर्यंत ते आले कोलोनच्या ट्रान्सटेल या संस्थेमुळे. सरकारी पैशाच्या आधारावर ही संस्था जर्मन कार्यक्रम परभाषेत करून आपल्यासारख्या देशांच्या वाहिन्यांना पुरवत असे. ‘डीडीज कॉमेडी शो’, ‘द ओल्ड फॉक्स’ हेही त्याच सुमाराचे, आणि जर्मनच. बोनी एम या पॉप बँडच्या कॅसेटशिवाय वांद्र्यात आणि गोव्यात कित्येक घरांचा नाताळ होत नसे, तीही जर्मनीत घडलेली.

माझं मत असं की जर्मन लोकप्रिय संस्कृतीचा पसारा आपण समजतो त्याहून कितीतरी मोठा आहे. तो नजरेत येत नाही, कारण ती देशाचं नाव मिरवत हिंडत नाही. एखादी संस्कृती कुठवर पोचली ते लोक तिचं काय करतात यावरून ठरवावं. आम्ही ती फरशी साबणाने धुऊन काढली, ही माझ्या लेखी खरी पोच. वेगळं मत असेल तर जरूर मांडा.

घाटमाथा

असहमत, आणि बराच असहमत.

तुम्ही सांगताय तो निर्यातीचा व्यवहार आहे. माझ्या दुकानात जर्मन ड्रिल आहे, रोज वापरतो, म्हणून मी जर्मन संस्कृतीत शिरलो असं होत नाही. कोरियाचं उदाहरण घ्या. माझी पुतणी कोल्हापुरात बसून कोरियन मालिका बघते. तिने आपण होऊन हांगुल लिपी शिकून घेतली. थोरल्या भावाला मुलगी काय म्हणते आणि मुलगा काय म्हणतो, हे ती मला समजावून सांगते. ही पोच. टेलीमॅच बघून तुमच्या वाड्यातल्या एका तरी पोराने डुसेलडॉर्फ नकाशात शोधलं होतं का?

आणि बोनी एमचं म्हणाल तर मला त्यात अभिमानाचं काही दिसत नाही. त्यातल्या गायिका लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट मूळच्या जमैकाच्या. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ हे गाणं जमैकाच्याच मेलोडियन्स या गटाचं, शब्द बायबलातल्या स्तोत्रांचे, भाषा इंग्रजी. जर्मन होता तो निर्माता फ्रँक फारियन. स्टेजवर नाचायचा अरुबाचा बॉबी फॅरेल, आणि रेकॉर्डवर त्याच्या तोंडचा पुरुषी आवाज फारियनचा स्वतःचा. एका माणसाचा चेहरा घ्यायचा आणि त्याचा गळा बाजूला ठेवायचा, याचं मला वाईट वाटतं. मला ती गाणी आवडतात, म्हणून जास्तच वाटतं.

पाटीपेन्सिल

फारियनबद्दलचा राग रास्त आहे, त्याची बाजू मी घेणार नाही.

पण ड्रिल आणि खेळ एका पंगतीत बसवू नका. ड्रिलने भिंतीला भोक पडतं, बस्स. आपण लहानपणी ‘व्यापार’ खेळायचो तेव्हा काय व्हायचं आठवा. एकेक जण दिवाळखोर होऊन उठायचा आणि धाकटी भावंडं रडत बाहेर जायची. कॅटानमध्ये शेवटपर्यंत कोणी बाद होत नाही. फासा दुसऱ्याने टाकला तरी माझ्या शेतात गहू पिकू शकतो. हरणाऱ्याशीही सौदा करावा लागतो, कारण वीट त्याच्याकडे असते. ही जर्मन घरगुती खेळांची घडण आहे, आणि ती आपोआप झालेली नाही. तिथे १९७९ पासून वर्षातल्या उत्तम खेळाला पारितोषिक देतात, १९८३ पासून एसेनला खेळांची जत्रा भरते. १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या प्रदर्शनात काही रचनाकारांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्यावर सह्या करून ठरवलं की खोक्यावर आपलं नाव नसेल तर खेळ प्रकाशकाला द्यायचाच नाही. कादंबरीवर लेखकाचं नाव असतं, तसं. त्यांच्या बैठकीच्या खोलीतली वागण्याची रीत माझ्या बैठकीच्या खोलीत आली. याला संस्कृती म्हणायचं नाही तर कशाला?

घाटमाथा

म्हणजे त्या रचनाकारांना नाव हवंच होतं. नावाला किंमत नसती तर सह्या कशाला केल्या असत्या?

अनुस्वार

मी पुण्यात अकरा वर्षं जर्मन शिकवते, म्हणून राहवलं नाही.

आधी खरं ते सांगते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं नोकरीसाठी, पुढच्या शिक्षणासाठी येतात. कुणाला तिथे परिचारिका व्हायचंय, कुणाला इंजिनिअरिंगचं एमएस करायचंय. संस्कृती वगैरे त्यांच्या डोक्यात नसते, आणि त्यात काही गैर नाही. पण दर तुकडीत एखाददुसरं पोर असं येतं, ज्याला रामश्टाइन या जर्मन रॉक बँडने इथवर आणलेलं असतं.

त्यांचं १९९७ चं ‘दू हास्त’ मी फळ्यावर घेते. एक ‘एस’ घातला तर ‘हास्त’ म्हणजे ‘तुझ्याकडे आहे’, किंवा नुसतं सहायक क्रियापद. दोन ‘एस’ घातले की अर्थ होतो ‘तू द्वेष करतोस’. उच्चार दोन्हींचा एकच. गाण्यात आधी ‘तू माझा द्वेष करतोस’ असं ऐकू येतं, आणि मग उशिरा ‘विचारलंस’ हा शब्द येतो की वाक्य कूस बदलतं: ‘तू मला विचारलंस’. जर्मनमध्ये क्रियापदाचा उरलेला तुकडा वाक्याच्या टोकाला जातो, म्हणूनच हे साधतं. बँडने स्वतः त्याचं इंग्रजी रूप केलं, त्यात ‘द्वेष’ तेवढा राहिला, वाक्याचं वळण गेलं. जगभर वाजलं ते जर्मनच. मेक्सिकोतला आणि अमेरिकेतला श्रोता ते जर्मनमध्येच म्हणतो. तसं नेना या जर्मन बँडचं नव्व्याण्णव फुग्यांचं गाणं १९८४ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं तेही जर्मन रूपातच.

म्हणून पाटीपेन्सिल, देशाच्या नावाचा शिक्का नसणं ही ताकद, असा जो सूर तुमच्या लेखात आहे तो मला पटत नाही. ‘डार्क’ घ्या. २०१७ ते २०२०, नेटफ्लिक्सने केलेली पहिली जर्मन मालिका. वर्गात विचारलं तर अर्ध्याअधिक मुलांनी ती इंग्रजी डबिंगमध्ये पाहिलेली असते. त्यांना कथा आठवते. ज्यांनी मूळ आवाज लावून पाहिली, त्यांना ती माणसं आठवतात: आई मुलाशी बोलताना कुठे थांबते, पोलीस कुणाला ‘तू’ म्हणतो आणि कुणाला ‘आपण’. घाटमाथा, तुमची पुतणी जे कोरियनमधून टिपते, तेच हे. फक्त जर्मनच्या वाट्याला अशी मुलं कमी येतात, हे मला कबूल करावं लागतं.

खर्जातला_सा

एक गोष्ट कुणीच मांडली नाही. पोच एका दिशेची नसते.

डुसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्क या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बँडचा अल्बम ‘ऑटोबान’ १९७४ चा, ‘ट्रान्स युरोप एक्सप्रेस’ १९७७ चा. ती धून १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या आफ्रिका बंबाटाच्या ‘प्लॅनेट रॉक’मध्ये उतरली. तिकडे डेट्रॉइटमध्ये हुआन अ‍ॅटकिन्ससारखी कृष्णवर्णीय पोरं क्राफ्टवेर्क ऐकत वाढली आणि त्यांनी स्वतःचं संगीत घडवलं, त्याला टेक्नो हे नाव मिळालं. बर्लिनची भिंत पडल्यावर ते तिथे आलं. १९९१ मध्ये वेर्टहाइम या जुन्या दुकानाच्या तळघरात, जिथे तिजोऱ्यांची खोली होती, ट्रेझोर क्लब सुरू झाला. गंजलेल्या लोखंडी कप्प्यांच्या त्या खोलीत डेट्रॉइटचे कलाकार वाजवत. ट्रेझोर म्हणजेच तिजोरी.

आता यात जर्मन किती आणि अमेरिकन किती? मार्च २०२४ मध्ये बर्लिनचा टेक्नो जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत गेला. मला आनंद झाला आणि टोचलंही. ‘बर्लिन’ म्हटलं की डेट्रॉइटमधली ती पोरं चित्राबाहेर जातात. पाटीपेन्सिल, शिक्का नको म्हणणं सोपं आहे, पण शिक्का कुणी ना कुणी मारतोच. ज्याच्या हातात यादी, त्याचा शिक्का.

बार्देसकर

मी गोव्याचा, हणजुणेच्या बाजूचा. घाटमाथा यांना नावाचं फार अप्रूप वाटतं, म्हणून लिहितो.

आमच्या गावाचं नाव जर्मनीत केव्हाच पोचलंय. तिथे ‘गोवा’ हा पार्टीचा एक प्रकार आहे. शेतात, रानात रात्रभर ट्रान्स हे ठोक्याचं संगीत वाजवत नाचायचं, त्याला ते सरळ ‘गोवा-पार्टी’ म्हणतात. नव्वदच्या दशकात आमच्या किनाऱ्यावरून ते संगीत तिकडे गेलं, त्यात बरेच जर्मन होते. मी लहान होतो. रात्रभर लांबून नुसता ठोका ऐकू यायचा, खिडकीची काच थरथरायची. सकाळी आई पाणी भरायला उठायची तेव्हाही तो चालूच. आमच्यातल्या बायका तिथे चटया टाकून चहा आणि ऑम्लेट विकायच्या. आमचा त्या संगीताशी संबंध म्हणाल तर एवढाच.

आता जर्मनीतल्या पोराला ‘गोवा’ म्हटलं की मांडो आठवत नाही, तियात्र आठवत नाही, जागोर आठवत नाही. दिवे आणि ठोका आठवतो. नाव गेलं, आम्ही मागे राहिलो. त्यापेक्षा टेलीमॅचची ती जर्मन गावं बरी. नाव राहिलं नाही, पण त्यांची माणसं कशी हसतात, कशी पडतात, पडल्यावर एकमेकांना कशी उचलतात, ते साऱ्या देशाने पाहिलं.

घाटमाथा

बार्देसकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आईचं आणि चटयांचं वाचून गप्प झालो. नाव पोचलं म्हणजे सगळं पोचलं, हे माझं म्हणणं मी मागे घेतो.

पण नाव नकोच, इथवर मी येणार नाही, आणि त्याला कारण ‘डेरिक’. म्युनिकच्या पोलीस अधिकाऱ्याची ही मालिका १९७४ ते १९९८ चालली, २८१ भाग, शंभरावर देशांत विकली गेली. शांत, सभ्य, कायद्याने वागणारा जर्मन म्हणून जगाने त्या माणसाकडे पाहिलं. २०१३ मध्ये उघड झालं की ती भूमिका करणारे होर्स्ट टापर्ट तरुणपणी वाफेन एसएस या नाझींच्या सशस्त्र दलात होते. ते २००८ मध्येच वारले होते. जर्मनीच्या झेडडीएफ वाहिनीने पुनःप्रक्षेपण थांबवलं, इतर देशांतही तसे निर्णय झाले. हे का होऊ शकलं? तो चेहरा जर्मनीचा म्हणून ओळखला जात होता म्हणून. खाली कुणाची सहीच नसती, तर जाब कुणाला विचारला असता?

पाटीपेन्सिल

डेरिकचा मुद्दा बिनतोड आहे. माझ्याकडे त्याला उत्तर नाही, आणि मूळ लेखातलं ‘काय करतात यावरून ठरवावं’ हे वाक्य मी आज लिहिलं असतं तर तिथेच थांबलो नसतो. खर्जातला_सा यांचं यादीबद्दलचं म्हणणंही डोक्यात राहिलंय.

काल भाचा आला होता, त्याला हा धागा वाचून दाखवला. त्याने कपाटातून कॅटानचं खोकं काढलं. झाकणावर क्लाउस टॉयबर हे नाव छापलेलं आहे, चांगलं वाचता येईल एवढं. भाचा म्हणाला, “मामा, हे नाव मी चार वर्षं बघतोय. मला ते कंपनीचं वाटायचं.” मग त्याने टॉयबरांबद्दल विचारलं. दातांचं काम करून आल्यावर ते रात्री खेळ रचत आणि घरच्यांबरोबर खेळून बघत, एवढं सांगितलं.

अनुस्वार ताई, त्याच्या मित्राला तुमच्याकडच्या पुढच्या तुकडीबद्दल विचारायचं आहे. रामश्टाइनवालाच आहे.