लिव्हिंगस्टन आणि आपलं शरणपूर: खरं की थाप?

गंगाघाटवाला: नाशिकला शरणपूर रोडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. काल एक रिटायर्ड सर म्हणाले, "नाइलचा उगम शोधणाऱ्या लिव्हिंगस्टनचं प्रेत आपल्या शरणपूरच्या पोरांनी वाहून आणलं." मला हसू फुटलं. सर चिडले आणि सुट्टे न घेताच गेले. यात काही तथ्य आहे का?

जुनी_वही: आधी त्यांचे सुट्टे बाजूला काढून ठेवा. शरणपूरला मिशनची वसाहत होती. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे सुतारकाम, लोहारकाम शिकवत. १८६५ साली लिव्हिंगस्टन हा स्कॉटिश मिशनरी-संशोधक मुंबईत आला, तेव्हा त्याने तिथली नऊ पोरं आफ्रिकेतल्या मोहिमेसाठी निवडली. सगळी काही टिकली नाहीत. त्याच शाळेतला जेकब वेनराइट मात्र १८७२ मध्ये मागाहून गेला.

१ मे १८७३ च्या पहाटे चितांबोच्या गावात, आजच्या झांबियात, म्हातारा लिव्हिंगस्टन खाटेशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मेलेला सापडला. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. वेनराइटने प्रार्थना वाचली, झाडावर नाव कोरलं. प्रेताला मीठ भरून चौदा दिवस उन्हात वाळवलं, मांजरपाटात गुंडाळून झाडाच्या सालीत बांधलं. वाटेत गावकरी प्रेत जाऊ देईनात, तर कापडाचा गठ्ठा म्हणून पुढे नेलं! किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचायला फेब्रुवारी १८७४ उजाडला.

खलाशी_७: चांगलं लिहिलंय, पण सगळं श्रेय नाशिकला नको. प्रेत नेणाऱ्या तांड्याचे म्होरके होते लिव्हिंगस्टनचे आफ्रिकी साथीदार सुसी आणि चुमा. ते शरणपूरचे नव्हेत. १८६४ साली लिव्हिंगस्टनने 'लेडी न्यासा' ही छोटी आगबोट ४५ दिवसांत झांझिबारहून मुंबईला आणली, तेव्हा ते तिच्यावर होते. पावसाळा तोंडावर असताना एवढ्याशा बोटीने अरबी समुद्र! लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे चर्चमध्ये दफनाच्या वेळी मात्र खांदेकऱ्यांत वेनराइट होता, हे दोघे नव्हते. मला ते अजून खटकतं.

आणि उगम कुठला सापडायला? लुआलाबा नदीला लिव्हिंगस्टन नाइलचा वरचा प्रवाह समजत होता. ती निघाली काँगो. १८७७ मध्ये पत्रकार-संशोधक स्टॅनली तिच्याच पाण्यावरून अटलांटिकपर्यंत गेला.

गंगाघाटवाला: बाप रे. पण वर्षभर वाळलेलं ते प्रेत त्याचंच, हे लंडनमध्ये कसं ओळखलं?

जुनी_वही: डाव्या दंडाच्या हाडावरून. १८४४ साली सिंहाने चावून मोडलं होतं, ते नीट जुळलंच नव्हतं.

गंगाघाटवाला: चार रुपये गल्ल्यात वेगळे ठेवलेत. सर आले की देतो.