व्होइव्होडशिप : प्रांत, सुभा की जिल्हा?

जोंधळा
एका पोलिश आजींच्या आठवणी मराठीत करतेय. लहानपणी त्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत होत्या. त्यांचं पहिलंच वाक्य असं, की जन्म व्होलिन व्होइव्होडशिपमधल्या रूव्नेजवळचा. व्होइव्होडशिप म्हणजे पोलंडच्या कारभारातला सगळ्यात मोठा विभाग. मी 'व्होलिन प्रांत' लिहिलं होतं. मजकूर तपासणाऱ्यांनी ते खोडून 'व्होलिन जिल्हा' केलं. मला ते अजिबात पटत नाही. तुम्ही काय लिहाल?

महसुलीबाणा
जिल्हा तर नकोच. १९३९च्या सुमारास या व्होलिनचं क्षेत्रफळ होतं ३५,७५४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या दुपटीहून जास्त. मुख्य ठिकाण वुत्स्क. खाली अकरा 'पोव्यात' : रूव्ने, कोव्हेल, दुब्नो वगैरे. पोव्यातच्या खाली 'ग्मिना'. जिल्हा हा शब्द पोव्यातसाठी राखून ठेवा, नाहीतर पुढच्या पानावर अडकाल.
पण ताई, 'प्रांत'ही जपून वापरा. माझी सगळी नोकरी महसुलात गेली. आमच्याकडे 'प्रांतांकडे अपील केलंय' म्हटलं की माणूस डोळ्यांसमोर येतो, मुलूख नाही.

इंद्रायणीतीर
काका, तो कचेरीतला अर्थ. मध्य प्रांत, वऱ्हाड प्रांत हे शब्द आजही सर्रास कानावर पडतात, तिथे कुणाला प्रांतसाहेब आठवत नाहीत. प्रांतच ठेवा. स्वच्छ शब्द आहे.

गोंदणवेल
मी 'सुभा' म्हणेन, आणि कारण शब्दातच आहे. व्होइव्होडशिपचा प्रमुख तो 'वोयेवोदा'. त्यातला 'वोय' म्हणजे लढणारा, 'वोदिच' म्हणजे पुढे नेणं. सैन्य घेऊन जाणारा तो वोयेवोदा, आणि त्याच्या ताब्यातला मुलूख म्हणजे त्याचं पद. आमच्या नागपूरकर भोसल्यांची पदवी काय होती? सेनासाहेबसुभा! सेना आणि सुभा एकाच पदवीत. याहून जवळचं मराठीत काय मिळणार?
आणि हा 'वोद' आपल्या 'वधू'चा सख्खा भाऊ. जिला वाजतगाजत नेतात ती वधू.

इंद्रायणीतीर
वधू 'वह्' धातूवरून. विवाह, वाहन, वधू. शाळेत हेच शिकलो.

गोंदणवेल
'वह्'मधून 'ध' कुठून आला ते सांगा. लिथुआनियनमध्ये 'वेस्ति' म्हणजे नेणं आणि लग्न करणंही. मी मागे हटणार नाही.

पाटपाणी
वधूला घरी पोहोचू द्या, आपण व्होलिनकडे वळू. सेनासाहेबसुभा जुन्या काळाला शोभतं. १५६९च्या लुब्लिनच्या करारानंतर पोलंडच्या राजाकडे जे व्होलिन आलं, तिथला वोयेवोदा खरोखर मोठा सरदार असे. आजी ज्या व्होलिनमध्ये जन्मल्या ते १९२१चं. मधल्या काळात पोलंडची फाळणी झाली. व्होलिन रशियन साम्राज्यात गेलं, कारभार झितोमिरहून चालू लागला. मार्च १९२१च्या रीगा तहाने त्याचा फक्त पश्चिम भाग पोलंडला मिळाला. या नव्या रचनेत वोयेवोदा म्हणजे वॉर्सातून नेमलेला मुलकी अधिकारी. १९२८ ते १९३८ या काळात, मध्ये थोडा खंड सोडला तर, ही जागा हेन्रिक यूझेफ्स्की यांच्याकडे होती. हा माणूस चित्रकार! त्यांना सुभेदार म्हणायचं?
१९३१च्या खानेसुमारीनुसार वस्ती सुमारे २१ लाख. त्यातले दोन तृतीयांशांहून जास्त युक्रेनियन, पोलिश सहात एक, ज्यू दहात एक. यूझेफ्स्कींनी युक्रेनियन लोकांना शाळा आणि कारभारात सामावून घ्यायचा प्रयत्न केला. सैन्यातल्या मंडळींना ते रुचलं नाही आणि १९३८मध्ये त्यांची बदली वूचला झाली. 'सुभा' लिहिलंत की वाचकाला घोडदळ दिसेल आणि ही सगळी ओढाताण झाकली जाईल.

महसुलीबाणा
वरून नेमलेला मुलकी अधिकारी म्हणजे आपला विभागीय आयुक्त. मग 'विभाग' का नको?

इंद्रायणीतीर
आठवणींच्या पुस्तकात 'माझा जन्म व्होलिन विभागात'? काका, ते सेवापुस्तिकेतल्या नोंदीसारखं वाटतं हो.

कुंभीकासारी
मूळ शब्दच ठेवा, 'व्होइव्होडशिप'. मराठीने तहसील, कलेक्टर, म्युनिसिपालटी पचवलं, हेही पचेल.

गोंदणवेल
पण तोही मूळ कुठे आहे? ते इंग्रजांनी लावलेलं शेपूट. पोलिश माणूस 'वोयेवुत्स्त्फो' म्हणतो, आणि व्होलिनला 'व्होविन्'. उसनंच घ्यायचं तर थेट त्यांच्याकडून घ्या.

जोंधळा
माझी अडचण वेगळी आहे. आजचा वाचक नकाशात शोधणार. पोलंडमध्ये १९९९पासून सोळा व्होइव्होडशिप आहेत, त्यांत व्होलिन नाही. १७ सप्टेंबर १९३९ला सोव्हिएत फौजा घुसल्या तेव्हाच तो मोडला. आज वुत्स्क आणि रूव्ने युक्रेनच्या दोन वेगळ्या ओब्लास्तमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या विभागांत आहेत, आणि जुन्या व्होलिनमधलंच क्शेमेन्येत्स तिसऱ्यात. आजींसाठी मात्र तो पत्ता आहे, इतक्या वर्षांनीही त्या तोच सांगतात. म्हणून मला भारदस्त शब्द नकोय, घरचा पत्ता सांगताना तोंडात येईल असा हवाय.

कुंभीकासारी
ताई, छावणीबद्दल एक सांगतो. आमच्या करवीरात थोरली माणसं 'पोलंडचा कॅम्प' म्हणायची, 'छावणी' कुणीच नाही. १९४३ ते ४८ सुमारे पाच हजार लोक तिथे होते, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. नंतर सिंधी निर्वासित आले, आता ते गांधीनगर. छावणी म्हटलं की लष्कर आलं. कॅम्पच लिहा.

पाटपाणी
पुणेकराला कॅम्प म्हटलं की एम.जी. रोड आठवतो.

कुंभीकासारी
पुस्तक कोल्हापूरचं आहे ना!

जोंधळा
कॅम्प घेते, ते पटलं. आता तुम्ही सगळे आहातच तर पुढचंही विचारते. आजींचे वडील 'ओसाद्निक' होते. पोलंडने १९२०च्या कायद्याने आपल्या लढलेल्या सैनिकांना पूर्वेकडे जमिनी दिल्या, त्यांतले एक. म्हणूनच १० फेब्रुवारी १९४०च्या रात्री पहिल्याच फेरीत सोव्हिएतांनी त्यांना घरच्यांसकट उचलून उत्तरेकडे आर्खांगेल्स्कला नेलं. मी 'इनामदार' लिहिलंय.

महसुलीबाणा
इनामदार नको हो! इनामदार सारा खातो, हा स्वतः नांगर धरणारा. आमच्याकडे माजी सैनिकांना जमिनी मिळत, त्याला आम्ही सरळ 'सैनिकी वाटप' म्हणायचो.

गोंदणवेल
'ओसादा' म्हणजे वस्ती. 'वस्तीकर' करा. मळ्यात राहतो तो मळेकरी, तसा.

इंद्रायणीतीर
वस्तीकर म्हटलं की कुठलातरी कर वाटतो.