मदत हवी आहे: ऑकलंडहून फिजीला, घरच्याच शिडाच्या बोटीने

नमस्कार मंडळी. आम्ही ऑकलंडला असतो. मी, नवरा आणि दोन मुलं, १२ आणि ९ वर्षांची. ३८ फुटी शिडाची बोट आहे. उष्णकटिबंधातल्या चक्रीवादळांचा मोसम एप्रिलअखेर संपतो, म्हणून मे महिन्यात ओपुआहून (ऑकलंडच्या उत्तरेचं बंदर, देश सोडायचे सोपस्कार तिथे होतात) फिजीला निघायचा बेत आहे. हजारेक सागरी मैल, आठ-दहा दिवस. आजवर किनारा धरूनच फिरलोय, हे आधीच सांगते.

न्यूझीलंडमध्ये नोंदलेली बोट परदेशी न्यायची तर कॅटेगरी १ ची, म्हणजे खुल्या समुद्रातल्या प्रवासासाठीची सुरक्षा तपासणी लागते. लाइफराफ्ट (जीवरक्षक तराफा), ईपर्ब (संकटात उपग्रहामार्फत इशारा देणारं यंत्र) वगैरे झालं. घोडं अडलंय डोलकाठीच्या तारांवर. परवा नवऱ्याने तारांवरून कापसाचा बोळा फिरवला, तर मागच्या तारेच्या खालच्या टोकाशी कापूस अडकला. बघतो तर एक बारीक पदर तुटून बाहेर आलेला! तारा १५ वर्षांच्या. एकच बदलावी की सगळ्याच? रिगर (डोलकाठी-तारांचं काम करणारा) म्हणतो सगळ्या. त्याचं काय जातंय म्हणा.

पाण्याची टाकी ३०० लिटरची, एकच. पिण्या-रांधण्याला रोज १२ लिटर धरले तर पुरेल, पण तिच्यात खारं पाणी शिरलं तर? वेगळे कॅन किती ठेवता?

आणि धाकटीला बोट लागते. पहिले दोन दिवस पोटात काय टिकतं? मऊ भात डोक्यात आहे, पण हेलकाव्यात कुकर लावायची हिंमत होत नाही. कोणी लावलाय का?